अडवणूक आणि धरणे : सनदशीर विरोधाच्या एका साधनाचा इतिहास

१

कारभार, न्याय किंवा विधिनिर्माण यांच्या वाटेत हेतुपुरस्सर अडथळा आणण्याच्या क्रियेस मराठीत दोन जुने शब्द आहेत : 'अडवणूक' आणि 'धरणे'. कोशात हे शब्द एकमेकांच्या जवळ येऊ शकतील. परंतु व्यवहारात त्यांची दिशा भिन्न आहे. सावकार कुळाची अडवणूक करतो, कचेरीतील कारकून अर्जदाराची अडवणूक करतो. अडवणूक करणाऱ्याच्या हाती काही तरी असते आणि ज्याची अडवणूक होते त्याला ते हवे असते. 'अडला हरी गाढवाचे पाय धरी' या म्हणीतील 'अडला' हा शब्द हीच स्थिती सांगतो. उलटपक्षी, धरणे धरतो तो दुबळा. त्याच्या हाती देण्याघेण्यासारखे काही नसते; असतो तो केवळ आपला देह आणि समोरच्याच्या दारातील जागा. अडवणूक वरून खाली होते, धरणे खालून वर धरले जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पादात ब्रिटिश पार्लमेंटात आयरिश सभासदांनी जे तंत्र वापरले आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात स्वराज्य पक्षाने हिंदुस्थानच्या कायदेमंडळांत ज्याचा अवलंब केला, त्यास मराठीत 'अडवणुकीचे धोरण' असे म्हटले जाते. वरील भेद ध्यानात घेतल्यास या नावातच एक प्रश्न दडलेला दिसेल. ज्यांच्या हाती सत्ता नव्हती, त्यांनी सत्ताधाऱ्यांची 'अडवणूक' करावयाची म्हणजे काय करावयाचे? दुबळ्याच्या हातचे हे साधन कोणत्या परिस्थितीत परिणामकारक ठरते, कोणत्या परिस्थितीत निष्फळ ठरते, आणि त्याची किंमत अखेर कोण देतो? वेस्टमिन्स्टर आणि नागपूर येथील दोन प्रकरणांच्या आधारे या प्रश्नांचा विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. परंतु त्याआधी धरण्याच्या मूळ रूपाकडे वळणे इष्ट होईल.

२

पेशवाईच्या उत्तरकाळात येणे वसूल करण्याचे जे मार्ग रूढ होते त्यांत तगादा, धरणे आणि त्रागा हे एकापेक्षा एक तीव्र होत. तगादा म्हणजे निकडीची मागणी. धरणे म्हणजे ऋणकोच्या दारी उपाशी ठाण मांडून बसणे. आणि त्रागा म्हणजे स्वतःस इजा करून घेऊन तिचे पाप दुसऱ्याच्या माथी मारणे. लष्करातही पगार थकला म्हणजे शिपाई सरदाराच्या किंवा कारभाऱ्याच्या डेऱ्यापुढे धरणे धरीत. दौलतराव शिंद्यांच्या छावणीत १८०९ साली असलेल्या थॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याची पत्रे पुढे १८१३ साली प्रसिद्ध झाली; त्यांत या प्रकाराची वर्णने आली आहेत.

या प्रथेचे एक अंग विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. धनको उपाशी बसला असता ज्याच्या दारी तो बसला आहे त्यानेही अन्न घेऊ नये, असा संकेत होता. धरणे धरणारा आणि ज्याच्यावर धरणे धरले तो असे दोघेही एकाच बंधनात सापडत. धरणेकऱ्याचे बळ त्याच्या स्वतःच्या ठिकाणी नव्हते. ते प्रतिपक्षाच्या मनातील पापभीरुतेत आणि लोकलज्जेत होते. ज्यास उपाशी ब्राह्मणाच्या मृत्यूचे भय नाही, किंवा चार लोक काय म्हणतील याची चाड नाही, त्याच्या दारी धरणे धरणे व्यर्थ होते. म्हणजे धरण्याचा पहिला नियम असा की, समोरचा मनुष्य काही एक मर्यादा स्वतःहून मानणारा हवा.

कंपनी सरकारास, आणि पुढे राणीच्या सरकारास, ही मर्यादा मान्य नव्हती. न्यायालये असताना दारात बसून देणे वसूल करणे हे त्यांच्या दृष्टीने न्यायाच्या मार्गातील अडथळाच होय. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ५०८ व्या कलमाने, अमुक एक कृत्य केले किंवा न केले तर तू दैवी कोपास पात्र होशील असे भासवून एखाद्यास ते करावयास लावणे हा गुन्हा ठरविला. कलमाखालील पहिले उदाहरण दारी धरणे धरून बसणाऱ्याचेच आहे, आणि इंग्रजी कायद्याच्या त्या मजकुरात 'धरणे' हा देशी शब्द तसाच ठेवलेला आहे. कायद्याने प्रथा निषिद्ध केली. पण तिला पर्यायी शब्द त्याच्याजवळ नव्हता.

३

आता पार्लमेंटाकडे वळावयाचे. १८७४ च्या निवडणुकीनंतर आयर्लंडच्या स्वराज्याचा, म्हणजे 'होमरूल'चा, पुरस्कार करणारे सुमारे ६० सभासद हाउस ऑफ कॉमन्समध्ये होते. त्यांचे पुढारी आयझॅक बट हे नामांकित कायदेपंडित आणि सौजन्यशील वक्ते होते. दरवर्षी आयर्लंडची गाऱ्हाणी ठरावांच्या रूपाने मांडावीत, सभागृहाने ती ऐकून घ्यावीत आणि मोठ्या बहुमताने फेटाळावीत, असा क्रम पडून गेला होता. बट यांची श्रद्धा युक्तिवादावर होती; आणि युक्तिवाद ऐकला गेला तरी मानला जात नव्हता.

२२ एप्रिल १८७५ रोजी आयर्लंडमधील दडपशाहीच्या कायद्याची मुदत वाढविणारे विधेयक चर्चेस होते. कॅव्हनचे प्रतिनिधी जोसेफ बिगर हे त्या दिवशी सुमारे चार तास बोलले. बिगर हे बेलफास्टचे व्यापारी. वक्तृत्व त्यांच्या ठायी नव्हते, आणि त्याची त्यांना आवश्यकताही वाटली नाही. सरकारी अहवालांतील उतारेच्या उतारे ते वाचून दाखवीत राहिले. सभापतींनी आवाज नीट ऐकू येत नसल्याचे सुचविताच ते जवळ सरकले आणि पुन्हा आरंभापासून सांगण्याची तयारी त्यांनी दाखविली, अशी आख्यायिका आहे. योगायोग असा की, चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल या तरुण जमीनदाराने मीथ परगण्याचे प्रतिनिधी म्हणून सभागृहात पहिले पाऊल टाकले ते याच दिवशी.

बिगर यांचा हट्ट आणि पार्नेल यांची शिस्त यांच्या संयोगातून पुढील दोनतीन वर्षांत एक पद्धतशीर तंत्र निर्माण झाले. त्याचे वैशिष्ट्य असे की, सभागृहाचा एकही नियम त्यात मोडला जात नसे. प्रत्येक कलमास उपसूचना, प्रत्येक उपसूचनेवर भाषण, रात्र झाली की सभा तहकूब करण्याची सूचना, ती फेटाळली गेली की कामकाज पुढे ढकलण्याची दुसरी सूचना, आणि प्रत्येक वेळी मतमोजणीची मागणी. त्या काळी कॉमन्समध्ये चर्चा सक्तीने थांबविण्याचा कोणताही नियम नव्हता. सभ्य गृहस्थ आपण होऊन बोलणे थांबवितात, या गृहीतावर शतकानुशतकांचा व्यवहार उभा होता. आयरिश सभासदांनी एवढेच केले की, ते थांबले नाहीत.

१८७७ साली तुरुंगविषयक विधेयक, लष्करी शिस्तीचे विधेयक आणि दक्षिण आफ्रिकेविषयीचे विधेयक ही या तंत्राची मुख्य क्षेत्रे ठरली. त्या वर्षीच्या ३१ जुलैस सुरू झालेली बैठक सलग २६ तास चालली. मूठभर आयरिश सभासदांना थकविण्यासाठी शेकडो सभासदांना पाळ्या लावून जागावे लागले. या अडथळ्यांत केवळ कालहरण होते असे म्हणणे यथार्थ होणार नाही. सैन्यातील फटक्यांच्या शिक्षेविरुद्ध पार्नेल आणि त्यांचे सहकारी यांनी धरलेल्या आग्रहास काही इंग्रज उदारमतवाद्यांचीही साथ मिळाली. १८७९ च्या कायद्याने फटक्यांची संख्या २५ वर आणली गेली आणि १८८१ साली ती शिक्षा लष्करातून रद्द झाली. 'नाक दाबले की तोंड उघडते' ही म्हण निदान या बाबतीत खरी ठरली.

बट यांना मात्र हे रुचले नाही. ज्या सभेकडून न्याय मागावयाचा तिचीच प्रतिष्ठा आपण घालवीत आहोत, असा त्यांचा आक्षेप होता, आणि तो त्यांनी सभागृहातच बोलून दाखविला. परंतु इंग्लंडातील आयरिश मजुरांना बट यांच्या विवेकापेक्षा पार्नेल यांचा हट्ट आपला वाटला. ऑगस्ट १८७७ मध्ये ग्रेट ब्रिटनमधील होमरूल संघाचे अध्यक्षपद बट यांच्याकडून पार्नेल यांच्याकडे गेले. या घटनेवरून अडवणुकीचे दुसरे अंग स्पष्ट होते. तिचा श्रोता सभागृहात नसतो, बाहेर असतो. धरणे जसे गावाच्या नजरेपुढे धरावयाचे, तशीच ही अडवणूक वृत्तपत्रांच्या साक्षीने करावयाची.

४

या तंत्राचा कळस १८८१ च्या प्रारंभी झाला. १८७७ पासूनच्या नापिकीने आयर्लंडमधील कुळांची स्थिती हलाखीची झाली होती. खंड थकलेल्या कुटुंबांना घराबाहेर काढण्याचे सत्र सुरू होते. ऑक्टोबर १८७९ मध्ये स्थापन झालेल्या लँड लीगने त्याविरुद्ध चळवळ उभारली होती. ती मोडण्यासाठी आयर्लंडचे मंत्री फॉर्स्टर यांनी केवळ संशयावरून, चौकशीवाचून अटक करण्याचा अधिकार देणारे विधेयक मांडले. सोमवार, ३१ जानेवारी १८८१ रोजी दुपारी सुरू झालेली बैठक मंगळवारचा दिवस आणि रात्र ओलांडून बुधवारी, २ फेब्रुवारीस, सकाळपर्यंत चालू राहिली. ४१ तास लोटल्यावर सभापती हेन्री ब्रँड आसनावर आले आणि त्यांनी चर्चा संपल्याचे जाहीर करून प्रश्न मतास टाकला.

असे करण्याचा अधिकार त्यांना कोणत्याही नियमाने दिलेला नव्हता. पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्याशी आधी विचारविनिमय करून, परंतु स्वतःच्या जबाबदारीवर, त्यांनी हे पाऊल उचलले. म्हणजे ज्यांनी सर्व नियम पाळून काम अडविले होते, त्यांना हटविण्यासाठी सभागृहालाच नियमाबाहेर जावे लागले. ही विपरीतता आयरिश सभासदांनी तत्काळ ओळखली आणि सभागृहाच्या हक्काचा घोष करीत ते बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी, ३ फेब्रुवारीस, मायकेल डॅव्हिट यांच्या अटकेचे वृत्त आल्यावर झालेल्या गोंधळात ३६ आयरिश सभासद निलंबित झाले. विधेयक संमत झाले. आणि त्याच कायद्याखाली त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये पार्नेल यांना किल्मेनमच्या तुरुंगात जावे लागले.

अपवादात्मक कृतीचे पुढे नियमात रूपांतर झाले. १८८२ च्या शरदऋतूत खास अधिवेशन भरवून चर्चा बंद करण्याचा नियम संमत करण्यात आला. या वादात शब्दांनाही राजकीय मोल आले. नियमाचे विरोधक त्यास हटकून 'क्लोत्यूर' या फ्रेंच नावाने संबोधीत. ही परकी, इंग्लंडच्या प्रकृतीशी विसंगत गोष्ट आहे हे त्या नावातूनच सूचित व्हावे, असा त्यांचा कटाक्ष होता. पुरस्कर्त्यांनी 'क्लोजर' हा इंग्रजी वळणाचा शब्द पुढे केला आणि अखेरीस तोच टिकला. १८८२ च्या नियमानुसार चर्चा बंद करण्याचा आरंभ सभापतींनी करावयाचा होता. १८८७ साली तो अधिकार, सभापतींच्या संमतीने, कोणत्याही सभासदास मिळाला. त्याच वर्षी जूनमध्ये आयर्लंडविषयक दुसऱ्या एका दडपशाहीच्या विधेयकास ठराविक वेळी उरलेली सर्व कलमे चर्चेवाचून मतास टाकण्याची युक्ती लावण्यात आली. तिला पुढे फ्रेंच राज्यक्रांतीतील शिरच्छेदयंत्राचे, म्हणजे 'गिलोटिन'चे, नाव पडले.

आयरिश सभासदांनी विधेयके रोखली ती तात्पुरती. त्यांच्या अडवणुकीचे सर्वांत चिरस्थायी फळ म्हणजे तिच्यावरचा उतारा होय. सरकारपक्षास सभागृहाच्या वेळेवर जे स्वामित्व पुढे प्राप्त झाले, त्याचा पाया या दशकात घातला गेला, आणि तो केवळ आयरिशांविरुद्ध नव्हे तर पुढील प्रत्येक विरोधी पक्षाविरुद्ध उपयोगी पडला. तथापि दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. मुक्त चर्चेच्या ज्या परंपरेचा इंग्रजांना अभिमान होता, ती आयर्लंडवर राज्य करण्यासाठी त्यांना स्वहस्ते मोडावी लागली, ही गोष्ट जगासमोर आली. धरणेकऱ्यास कदाचित पैसे मिळाले नाहीत. पण सावकाराने उपाशी माणसास ओलांडून जेवण केले, हे गावाने पाहिले.

५

आयर्लंडच्या या घडामोडींची महाराष्ट्रास चांगली ओळख होती. नरसिंह चिंतामण केळकर यांचा 'आयर्लंडचा इतिहास' १९०९ साली प्रसिद्ध झाला. आयर्लंडच्या उदाहरणात मराठी वाचकांस आपल्या प्रश्नांची छाया दिसत होती. परंतु त्या वेळच्या हिंदी कायदेकौन्सिलांत आयरिश तंत्रास वाव नव्हता. १८९२ च्या कायद्यानुसार भरणाऱ्या मुंबईच्या कौन्सिलात सरकारी बाजूचे मताधिक्य निश्चित होते. ऑगस्ट १९०१ मध्ये जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आले. जप्त झालेल्या जमिनी पुन्हा देताना त्या गहाण टाकण्याचा किंवा विकण्याचा हक्क काढून घेण्याची त्यात तरतूद होती. विधेयक लोकमतासाठी लांबणीवर टाकावे ही सूचना फेटाळली गेल्यावर फिरोजशहा मेहता सभागृह सोडून निघाले. गोपाळ कृष्ण गोखले आणि अन्य काही लोकपक्षीय सभासद त्यांच्या मागोमाग गेले. विधेयक अर्थातच संमत झाले. जेथे मताधिक्य नाही आणि बोलण्यालाही मर्यादा आहे, तेथे उठून जाणे एवढेच हाती उरते, हे या सभात्यागाने दाखविले.

१९१९ च्या कायद्याने स्थिती पालटली. प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य, शेती ही खाती 'सोपीव' म्हणून मंत्र्यांकडे गेली. जमीन महसूल, पोलीस, न्याय, अर्थ ही 'राखीव' खाती गव्हर्नर आणि त्याचे कार्यकारी मंडळ यांच्याकडे राहिली. प्रांतिक कौन्सिलांत लोकनियुक्तांचे बहुमत झाले आणि अंदाजपत्रकातील बहुतेक मागण्यांवर मत देण्याचा अधिकार त्यांना मिळाला. बिगर आणि पार्नेल यांच्याजवळ जे कधीच नव्हते, ते बहुमत आता येथे शक्य होते.

डिसेंबर १९२२ च्या गया काँग्रेसनंतर फेरवादी आणि नाफेरवादी यांची फारकत होऊन चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांनी १ जानेवारी १९२३ रोजी स्वराज्य पक्ष स्थापला. कौन्सिलांत शिरून आतून एकसारखी, अखंड आणि सुसंगत अडवणूक करावयाची, हे त्याचे धोरण होते. नोव्हेंबर १९२३ च्या निवडणुकांत या पक्षास निर्विवाद बहुमत मिळाले ते एकाच प्रांतात : मध्यप्रांत-वऱ्हाडात. अडवणुकीच्या सिद्धांताची कसोटी म्हणून नागपूरचे कौन्सिल त्यामुळेच अभ्यासनीय ठरते.

६

डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे हे या कौन्सिलातील स्वराज्य पक्षाच्या प्रमुख पुढाऱ्यांपैकी एक होते. १९२४ च्या आरंभीच मंत्र्यांवर अविश्वासाचा ठराव संमत झाला. मार्चमध्ये अंदाजपत्रक आले तेव्हा कौन्सिलाने मागण्या नामंजूर केल्या आणि मंत्र्यांच्या वेतनासाठी वर्षाला दोन रुपये तेवढे मंजूर केले. या आकड्यात उपहास आहे हे उघड आहे. पण कायद्याच्या शब्दयोजनेशी तो विसंगत नाही. कौन्सिलाने कमी वेतन ठरविले नसेल तर मंत्र्यास कार्यकारी मंडळाच्या सभासदाइतके वेतन द्यावे, असे १९१९ चा कायदा म्हणत होता. आणि शब्दार्थ पाहता दोन रुपये हेही 'कमी वेतन'च होते. बिगर यांनी सभागृहाचे नियम जसे अक्षरशः पाळले, तसाच हा कायदाही येथे अक्षरशः पाळला गेला.

मंत्र्यांनी राजीनामे दिले. परंतु येथे वेस्टमिन्स्टर आणि नागपूर यांच्या वाटा वेगळ्या होतात. सभापती ब्रँड यांना आयरिशांची अडवणूक मोडण्यासाठी नियमाबाहेर जावे लागले होते. गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांना तसे काहीच करावे लागले नाही. राखीव खात्याची मागणी कौन्सिलाने नाकारली, तर ती त्या खात्याची जबाबदारी पार पाडण्यास आवश्यक आहे असे प्रमाणित करून ती मंजूर झाल्याप्रमाणे वागण्याचा अधिकार कायद्यानेच दिला होता. आणीबाणीच्या प्रसंगी कोणतेही खाते चालू ठेवण्यापुरता खर्च करण्याची मुभाही त्यात होती. मंत्री नसल्यास सोपीव खाती गव्हर्नरने तात्पुरती हाती घ्यावीत, अशीही तजवीज होती. अडवणूक होईल हे कायदा करणाऱ्यांनी आधीच गृहीत धरले होते. आयर्लंडचा अनुभव त्यांच्या गाठी होता. ४१ तासांच्या बैठकीतून जन्मलेला उतारा येथे रोगाच्या आधीच तयार होता.

परिणामी पोलीस आणि महसूल ही राखीव खाती प्रमाणनाच्या बळावर पूर्ववत चालली. अडवणुकीचा भार पडला तो मुख्यतः सोपीव खात्यांवर, म्हणजे शाळा, दवाखाने, शेतीसुधारणा यांवर. कारण खाते चालू ठेवण्यापुरत्या खर्चात नव्या योजनांना जागा नव्हती. नाक दाबले गेले, पण ते सरकारचे नव्हते. 'अडवणूक' या शब्दाचा मूळ अर्थ येथे पुन्हा प्रत्ययास येतो : ज्याच्या हाती किल्ली असते तोच अडवू शकतो, आणि नागपुरात खरी किल्ली गव्हर्नरपाशी होती.

तरीही हा प्रयोग सर्वस्वी निष्फळ झाला असे म्हणता येणार नाही. लोकांस जबाबदार असे मंत्री नेमले आहेत, हा द्विदल पद्धतीचा मुख्य दावा होता. बहुमताने मंत्री नाकारले तरी कारभाराचे काहीच अडत नाही, हे सिद्ध झाल्यावर त्या जबाबदारीचे स्वरूप उघडे पडले. बंगालमध्येही दास यांच्या पक्षाने मंत्र्यांची वेतने नाकारून हेच दाखविले. १९२४ साली मडिमन समितीपुढे द्विदल पद्धतीची जी चिकित्सा झाली, तिच्या अल्पमत अहवालाने या पद्धतीची मांडणीच सदोष ठरविली. प्रांतांतील द्विदल पद्धती १९३५ च्या कायद्याने अखेर रद्द झाली.

७

दाखवून देण्याचे कार्य एकदा पार पडल्यावर पुढे काय, या प्रश्नास अखंड अडवणुकीच्या सिद्धांतापाशी उत्तर नव्हते. ऑक्टोबर १९२५ मध्ये सर मोरोपंत जोशी यांची मुदत संपून कार्यकारी मंडळातील गृहखात्याची जागा रिकामी झाली. ती नवे गव्हर्नर सर माँटेग्यू बटलर यांनी कौन्सिलाचे अध्यक्ष श्रीपाद बळवंत तांबे यांना देऊ केली. तांबे हे अमरावतीचे आणि स्वराज्य पक्षाचे. त्यांनी ती स्वीकारली. मोतीलाल नेहरूंनी यास पक्षद्रोह मानले. केळकर, मुकुंदराव जयकर आणि मुंजे यांनी मात्र उलट प्रश्न उपस्थित केला : कौन्सिलाचे अध्यक्षपद पक्षास चालते, समित्यांवरील जागा चालतात, तर अधिकाराची जागाच तेवढी का चालत नाही? फेब्रुवारी १९२६ मध्ये अकोला येथे प्रतिसहकार पक्षाची स्थापना झाली. सरकार सहकार्य करील तेथे सहकार्य आणि विरोध करील तेथे विरोध, हे त्याचे सूत्र. त्याचा आधार टिळकांनी मांडलेल्या प्रतियोगी सहकारितेच्या कल्पनेत शोधण्यात आला.

आयर्लंडचा इतिहास लिहिणारे केळकर अडवणुकीच्या मार्गावरून परत फिरले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. त्यांच्या विरोधकांनी यात अधिकारलालसा पाहिली, समर्थकांनी व्यवहारबुद्धी. प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने कारण अधिक साधे आहे. पार्नेल यांच्यापाशी कॉमन्सबाहेर लँड लीग होती; कुळांच्या असंतोषाचे बळ होते; आणि सभागृहाच्या परंपरेची लज्जा प्रतिपक्षास होती. नागपुरात असहकाराची चळवळ ओसरली होती. बाहेरचे बळ क्षीण झाले होते. आणि प्रतिपक्षास लाज वाटावी असा संकेत कायद्याने शिल्लक ठेवलाच नव्हता. धरण्यास लागणाऱ्या दोन्ही गोष्टी, म्हणजे पाहणारे गाव आणि बांधला गेलेला ऋणको, येथे नव्हत्या. १९२६ च्या निवडणुकांनंतर, १९२७ साली, नागपुरात पुन्हा मंत्री आले, त्यांतील ई. राघवेंद्र राव हे पूर्वी स्वराज्य पक्षाचेच होते.

या निष्कर्षावर एक आक्षेप संभवतो. अडवणूक निष्फळ ठरली म्हणून सहकार्य सफल ठरले, असे मात्र नागपूरचा पुढील इतिहास दाखवीत नाही. प्रतिसहकाराने मंत्रिपदे भरली. गव्हर्नरचे प्रमाणनाचे अधिकार त्याने कमी झाले नाहीत. दोन्ही पक्ष एकाच भिंतीसमोर उभे होते. एकाने तिच्यावर धडक मारली, दुसऱ्याने तिला टेकून बसण्याची जागा शोधली. भिंत कोणती आहे हे जगास दाखविण्याचे श्रेय पहिल्याचे. दवाखान्याची तरतूद अडून राहू नये ही चिंता दुसऱ्याची. इतिहासाने यांपैकी एकास शहाणा आणि दुसऱ्यास मूर्ख ठरविण्याची घाई करू नये.

८

अडवणूक आणि तिच्यावरील उतारा या दोहोंचा वारसा स्वतंत्र भारताच्या संसदेकडे आला. लोकसभेत दरवर्षी अनुदानाच्या मागण्यांसाठी ठरविलेल्या शेवटच्या दिवशी, ठरल्या वेळी, उरलेल्या सर्व मागण्या चर्चेवाचून मतास टाकल्या जातात. त्यास आजही 'गिलोटिन' असेच म्हणतात. चर्चा बंद करण्याचा प्रस्तावही नियमांत आहे. सभासदांच्या निलंबनाची तरतूद आहे, आणि २००१ साली तिच्यात आपोआप निलंबनाच्या नियमाची भर पडली. विरोधाचे रूप मात्र पालटले आहे. बिगर यांचा अडथळा नियमांच्या आत राहून, बोलण्याने होई. अलीकडील अडथळा बहुधा नियमांच्या बाहेर जाऊन, बोलू न देण्याने होतो. पहिल्यात चर्चा लांबते, दुसऱ्यात ती होतच नाही. सरकारपक्षास दुसरा प्रकार मोडून काढणे अधिक सोपे जाते, कारण त्यासाठी ब्रँड यांच्याप्रमाणे नियमाबाहेर पाऊल टाकावे लागत नाही.

डिसेंबर २०२३ च्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतील मिळून १४६ विरोधी सभासद निलंबित झाले. त्याच अधिवेशनात, त्यांपैकी बहुतेक बाहेर असताना, १८६० च्या दंडसंहितेची जागा घेणारी भारतीय न्याय संहिता संमत झाली. १ जुलै २०२४ पासून ती अमलात आली. दैवी कोपाचे भय घालून एखाद्यास भाग पाडण्याचा गुन्हा नव्या संहितेच्या ३५४ व्या कलमात कायम आहे.

शेवटी नियमांच्या भाषेतील एका फरकाकडे लक्ष वेधणे उचित होईल. चर्चा बंद करण्याचा प्रस्ताव सभापतींनी कधी नाकारावा, याविषयी १८८७ च्या ब्रिटिश नियमात दोन कारणे आहेत : नियमांचा दुरुपयोग आणि अल्पमताच्या हक्कांचा भंग. लोकसभेच्या ३६२ व्या नियमातही दोनच कारणे आहेत. पहिले तेच आहे. दुसऱ्याच्या जागी वाजवी चर्चेच्या हक्काचा भंग असे शब्द आहेत. कॉमन्सच्या नियमात हक्क माणसांचा आहे, लोकसभेच्या नियमात तो चर्चेचा आहे. चर्चा वाजवी झाली किंवा नाही, हे कोणी तरी ठरवावे लागते. अल्पमत मात्र समोर बसलेले असते आणि मोजता येते. आयरिश सभासदांना सभागृहाबाहेर काढल्यानंतर सहा वर्षांनी ज्यांनी तो जुना शब्द नियमात घातला, त्यांना या फरकाची जाणीव असावी.